पुस्तकांतलें मूल व घरांतलें मूल

ज्या घरांत पहिलें मूल जन्मास येतें त्या घरांत सल्लागारांची उणीव कधींच नसते. आजी बाळगुटीचें माप सांगते, शेजारीण दृष्ट काढावयास सांगते आणि शिकलेल्या आईच्या उशाशीं बालसंगोपनाचें एखादें जाडजूड पुस्तक असतें. आतां त्यांत हातांतल्या फोनची भर पडली आहे. या सर्वांत पुस्तकाच्या शब्दाला वजन अधिक, कारण तो छापलेला असतो. परंतु काव्य व कादंबरी यांचें परीक्षण आपण ज्या बारकाईनें करतों त्या बारकाईनें हीं पुस्तकें कोणी तपाशीत नाहीं. वास्तविक वाईट कादंबरीनें वाचकाची एखादी दुपार फुकट जाते. वाईट संगोपनग्रंथाची किंमत मात्र, ज्याला अद्याप वाचतां येत नाहीं, त्याला द्यावी लागते.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन वॉटसन यांचा १९२८ सालचा ग्रंथ उदाहरणादाखल घेऊं. मुलाला मांडीवर घेऊं नये, त्याचे मुके घेऊं नयेत. अगदींच राहवलें नाहीं तर रात्रीं निजतांना कपाळावर एकदां ओठ टेकावे आणि सकाळीं हस्तांदोलन करावें, असा त्यांचा उपदेश आहे. लाडानें मूल परावलंबी होतें, हें त्यामागील सूत्र. मूल सुखी होईल असें वाढवून दाखविणाऱ्या पहिल्या मातेस त्यांनीं हा ग्रंथ अर्पण केला. म्हणजे तोंवर जगांत तशी माता झालीच नव्हती! या ठाम भाषेस आधार काय होता? १९२० सालीं वॉटसन यांनीं एका तान्ह्या मुलाच्या मनांत पांढऱ्या उंदराचें भय निर्माण करून दाखविलें होतें. भय शिकवितां येतें एवढें त्यावरून फार तर म्हणतां येईल. माया घातक असते, हें त्यावरून कसें निघावें? पुढें १९३६ सालीं स्वतः वॉटसन यांनींच कबूल केलें कीं, असें पुस्तक लिहिण्यापुरतें ज्ञान आपणांस तेव्हां नव्हतें. हा प्रांजळपणा स्तुत्य खरा. पण तोंवर त्या पुस्तकाबरहुकूम वाढविलेलीं मुलें शाळेंत जाऊं लागलीं होतीं.

या कडक शिस्तीस उत्तर म्हणून १९४६ सालीं डॉ. बेंजामिन स्पॉक यांचें पुस्तक आलें व त्याच्या कोट्यवधि प्रती खपल्या. आईबापांनीं स्वतःच्या समजुतीवर विश्वास ठेवावा, मुलाला खुशाल उराशीं धरावें, असें सांगणारा हा लेखक वाचकाच्या खांद्यावर हात ठेवून बोलतो. येथें परीक्षकानें लेखणी ठेवून स्वस्थ व्हावें असा मोह होतो. पण तसें करून चालणार नाहीं. याच पुस्तकाच्या पुढील कांहीं आवृत्त्यांत तान्ह्या मुलाला पालथें निजवावें असा सल्ला होता. उताण्या मुलाला ओकारी झाल्यास त्याचा श्वास कोंडेल, अशी भीति त्यामागें होती. युक्तिवाद सरळ दिसतो, परंतु तो खोटा ठरला. पालथ्या निजलेल्या तान्ह्या मुलांना झोपेंतच अकस्मात् मृत्यु येण्याचा धोका अधिक असतो, याचीं चिन्हें १९७० पासूनच दिसूं लागलीं होतीं. तरी अमेरिकेंत मुलांना उताणें निजविण्याची व्यापक मोहीम निघण्यास १९९४ साल उजाडावें लागलें. त्यानंतर अशा मृत्यूंचें प्रमाण पुष्कळच घटलें. कठोर लेखक चुकला आणि प्रेमळ लेखकहि चुकला. तेव्हां गोड भाषा हा कांहीं पुरावा नव्हे.

आतां आपल्याकडे वळूं. भावनगरचे गिजुभाई बधेका (१८८५–१९३९) हे धंद्यानें वकील. १९१३ सालीं त्यांना मुलगा झाला आणि याला वाढवावें कसें, या प्रश्नानें ते माँटेसोरीबाईंच्या ग्रंथांकडे वळले. वकिली सुटली आणि १९२० सालीं बालमंदिर उभें राहिलें. त्यांच्याबरोबर काम करून आपल्या ताराबाई मोडक यांनीं ही दृष्टि महाराष्ट्रांत आणली. बोर्डीस व पुढें कोसबाडच्या आदिवासी वस्तींत त्यांनीं जें कार्य केलें तें सर्वश्रुत आहे. गिजुभाईंच्या पालकांसाठीं लिहिलेल्या एका गुजराती पुस्तकाचें नांवच मुळीं ‘आईबाप होणें कठीण आहे’ अशा अर्थाचें आहे. मारूं नये, भिववूं नये, बक्षिसाची लांच देऊं नये, हा त्यांचा आग्रह. मूल कसें घडवावें यापेक्षां तें आतां काय करीत आहे, इकडे ते वाचकाची नजर वळवितात.

यावरहि आक्षेप आहे, आणि तो क्षुल्लक नाहीं. चुलीवर दूध उतूं जात आहे, कडेवर धाकटें रडत आहे, कचेरीची वेळ झाली आहे आणि अडीच वर्षांचा मुलगा सदऱ्याचें बटण ‘मीच लावणार’ म्हणून हटून बसला आहे. अशा वेळीं आईच्या तोंडून कठोर शब्द निघाला, तर तिला अपराधी ठरविणें सोपें आहे. ज्या घरांत दुसरा हात मदतीला नाहीं, त्या घराचा विचार बालशिक्षणाच्या लेखकांनीं फारसा केलेला नाहीं. वडिलांना उद्देशून या पुस्तकांत किती थोडें असतें, हेंहि पाहण्यासारखें आहे.

मग वाचकानें कसोटी कोणती लावावी? देहाच्या प्रश्नांत, म्हणजे निजणें, दूध, लस, ताप यांत, आजीच्या अनुभवापेक्षां आणि लेखकाच्या कीर्तीपेक्षां पुरावा मोठा मानावा. जुनी आवृत्ति घरांत असेल तर ती कपाटांतच राहूं द्यावी. परंतु हट्ट, भीति, रुसवा व जिज्ञासा यांच्या बाबतींत कोणत्याहि लेखकानें आपलें मूल पाहिलेलें नसतें. बटणाशीं झगडणारा तो मुलगा हट्टी आहे कीं उद्योगी आहे, हें पुस्तकांत मिळणार नाहीं. त्याच्या बोटांकडे दोन मिनिटें पाहिल्यानेंच तें कळेल. जें पुस्तक वाचतां वाचतां मध्येंच मिटून मुलाकडे पाहावेंसें वाटतें, तेंच घरांत ठेवण्याच्या योग्यतेचें.