पट, वाडी आणि कर्मणी प्रयोग

२०२३च्या दिवाळीआधी सातारा जिल्ह्यातल्या एका शिक्षक मित्राने मला एक पत्रक पाठवले. वाडीवरची शाळा वाचवा, असे सांगणारे ते दोन पानी पत्रक होते. दिल्लीतल्या लोकांना वाचता यावे म्हणून त्याचे हिंदी आणि इंग्रजी करून हवे होते. मी नोएडात राहते आणि भाषांतरावर पोट भरते. अशी कामे दोन तासांची असतात. पण पहिल्याच वाक्यातल्या ‘पट’ या शब्दाशी मी अडले.

हिंदीत ‘नामांकन’ म्हणतात, इंग्रजीत ‘एनरोलमेंट’. दोन्ही शब्द नाव घालण्याची क्रिया सांगतात. मराठीतला पट ही मात्र वस्तू आहे. तो मांडता येतो आणि उधळता येतो. सोंगट्यांच्या खेळात पटच नसेल तर डाव नाही. शाळेच्या कारभारात मात्र पट म्हणजे उरला तो आकडा. मित्राच्या शाळेचा पट नऊ होता.

त्या पत्रकाला निमित्त होते २१ सप्टेंबर २०२३चे शिक्षण आयुक्तांचे पत्र. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांमधली मुले एकत्र आणून ‘समूह शाळा’ उभारण्याचे प्रस्ताव त्यात मागवले होते आणि पानशेत व तोरणमाळ इथले प्रयोग आदर्श म्हणून पुढे ठेवले होते. राज्यात अशा शाळा १४,७८३ असल्याचे आणि त्यांत १ लाख ८५ हजारांवर मुले शिकत असल्याचे सरकारनेच सांगितले होते. भागाकार केला तर शाळेमागे बारा-तेरा मुले येतात. त्याआधी २०१७ साली दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळांचे ‘समायोजन’ जाहीर झाले होते. ‘बंद’ हा शब्द मात्र दोन्ही वेळा विरोध करणाऱ्यांच्याच तोंडी राहिला.

सरकारी मराठीचे व्याकरण इथे मुळातून पाहण्यासारखे आहे. ‘निदर्शनास आले आहे’, ‘करण्यात येत आहे’, ‘विचाराधीन आहे’. निदर्शनास कुणाच्या आले आणि करतो कोण, हे वाक्यात कुठेच सापडत नाही. कर्ता गाळून क्रिया तेवढी चालू ठेवण्याची सोय मराठीच्या कर्मणी प्रयोगात आहे, आणि शासनाने ती पुरेपूर वापरली आहे. ‘समूह’ हा शब्दही तसाच. वाडीतली नऊ मुले हा समूह नव्हे. पंधरा किलोमीटरवर बसने नेलेली दीडशे मुले हा समूह!

या मजकुराचे भाषांतर करताना हाताशी ‘बनगरवाडी’ असावी, असे मला सारखे वाटत होते, म्हणून मी ती पुन्हा वाचली. व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी १९५५ साली पुस्तकरूपाने आली. औंध संस्थानातल्या एका धनगरवाडीत राजाराम सौंदणीकर हा कोवळा मास्तर येतो. शाळा नावापुरतीच आहे, पोरे मेंढरांमागे. पट भरवण्यासाठी मास्तरला आधी माणसे जिंकावी लागतात. मग तो पत्रे लिहितो, कुणाचे साठवलेले रुपये मोडून आणतो, भांडणांत मध्ये पडतो, एका चोळीपायी कारभाऱ्याचा राग ओढवून घेतो. वाडीकडून तालीम बांधून घेतो आणि तिच्या उद्‌घाटनाला खुद्द राजा येतो. यातले काहीही पटसंख्येच्या रकान्यात मावणारे नाही. तरीही शाळा म्हणून वाडीने जे ओळखले ते हेच.

राम देशमुखांनी केलेल्या इंग्रजी भाषांतराचे शीर्षक मराठीत सांगायचे तर ‘गावाला भिंती नव्हत्या’ असे आहे. शीर्षक सुरेख आहे; पण त्यात वाडीचे गाव झाले. मराठी माणसाला गाव आणि वाडी यांतले अंतर पायांनी कळते. ग्रामपंचायत, बाजार, एसटीचा थांबा गावात. वाडीत घरे, गोठे आणि असली तर शाळा. कागदावर वाडी गावाच्या पोटात धरली की गावातली शाळा हीच वाडीचीही शाळा ठरते. शिक्षणहक्क कायद्याखालच्या नियमांनी पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आत शाळा मानली आहे. पण श्रावणात ओढा भरून आला की सहा वर्षांच्या पोरीला तेवढे अंतरही पुरून उरते. चळवळीच्या पत्रकांत वाडीची नावे भरगच्च असतात आणि शासकीय तक्त्यांत नसतात, याला माझ्या लेखी साहित्यिक महत्त्व आहे. नाव घेतल्याशिवाय गोष्ट सुरू होत नाही.

मात्र ‘बनगरवाडी’ला चळवळीचा झेंडा करणे मला पटत नाही. एक तर ही शाळा कुणाच्या आदेशाने ओस पडत नाही. दुष्काळ पडतो, मेंढरे मरतात, माणसे वाडी सोडून जातात. अखेर मास्तरही निघतो. ज्या वाड्यांमधून माणसेच पुण्या-मुंबईला गेली, तिथला पट आयुक्तांच्या पत्राने घसरलेला नाही, हे आपण कबूल केले पाहिजे. चार इयत्ता एकाच खोलीत शिकवणाऱ्या मास्तरांची दमछाक आणि वर्गात सोबतीच नसलेल्या मुलाचे एकटेपणही खरे आहे. समूह शाळेच्या बाजूने बोलणारे सगळेच लबाड नाहीत.

दुसरे कारण मला अधिक टोचते. कादंबरी मिटल्यावर कारभारी आठवतो, आयबू आठवतो, आनंदा रामोशी आठवतो, दुसऱ्या बैलाच्या जागी स्वतः औताला जुंपून घेणारी शेकूची बायको तर विसरताच येत नाही. पोरे मात्र घोळक्यानेच आठवतात. निवेदन मास्तरचे आहे, त्यामुळे कादंबरीत हे शोभते. पण आमच्या पत्रकातही तेच झाले होते. त्यात मास्तर होता, वाडी होती, लोकवर्गणीतून रंगवलेल्या भिंती होत्या. नऊ मुले तेवढी आकड्यातच राहिली होती. म्हणजे ज्या भाषेशी भांडायचे तिचाच रकाना आम्ही वापरत होतो.

याचा उतारा मला दूरच्या एका पुस्तकात दिसला. माडगूळकरांची कादंबरी येण्याच्या सुमारास, १९५४च्या डिसेंबरात, लोरेन्झो मिलानी नावाचा धर्मगुरू इटलीतल्या बार्बियाना या डोंगरातल्या वस्तीवर गेला. सरकारी शाळेने नापास करून घरी धाडलेल्या शेतकऱ्यांच्या मुलांना तो शिकवू लागला. त्यातल्या आठ मुलांनी मिळून लिहिलेले पुस्तक १९६७ साली आले. मराठीत ते ‘प्रिय बाई’ म्हणून ओळखले जाते. मूळ शीर्षकातली शिक्षिका इंग्रजीत लिंग हरवून बसते, हिंदीत ‘अध्यापक’ होते. मराठीत ‘बाई’ म्हटल्याबरोबर समोर पाटी-पेन्सिलीसकट एक माणूस उभे राहते. भाषांतराचा असा नेम क्वचित लागतो.

या पुस्तकाचा कर्ता ‘आम्ही’ आहे, आणि त्याची मला दिसलेली सर्वांत मोठी ताकद गणितात आहे. मुलांनी स्वतः आकडे गोळा केले, तक्ते काढले आणि विचारले की पहिलीत बसलेल्यांपैकी वाटेत गळाले किती आणि ती कुणाची मुले होती? शाळा किती मुलांना शिकवते यापेक्षा किती मुले हरवते हे त्यांनी मोजले. सरकारच्या पटासमोर त्यांनी आपला पट मांडला.

आमच्या शेजारी, नोएडा ज्या राज्यात येते त्या उत्तर प्रदेशात, २०२५च्या जूनमध्ये कमी पटाच्या शाळा जवळच्या शाळांशी जोडण्याचा आदेश निघाला. त्याला ‘पेयरिंग’ म्हटले गेले, हिंदी वर्तमानपत्रांनी ‘विलय’. मराठी कानाला यात संस्थानांचे विलीनीकरण ऐकू येते. औंधही १९४८ साली असेच विलीन झाले. तालमीच्या उद्‌घाटनाला येणारा राजा त्या पुसल्या गेलेल्या राज्यातला आहे. या आदेशाविरुद्ध सीतापूरची ५१ मुले स्वतः याचिकाकर्ती होऊन अलाहाबाद उच्च न्यायालयात गेली. ७ जुलैला एकल न्यायमूर्तींनी याचिका फेटाळली; २४ जुलैला खंडपीठाने सीतापूरपुरता ‘जैसे थे’चा आदेश दिला. कायद्याच्या कागदावर मुले कर्ता झाली, ही मला या साऱ्या प्रकरणातली सर्वांत वाचनीय ओळ वाटते.

पत्रकाचे भाषांतर मी पूर्ण केले, पण त्याआधी मित्राला फोन करून मजकुरात एक बदल सुचवला. ‘शाळा बंद होऊ नये’ या मागणीखाली दुसरी मागणी घाल म्हटले : जिथे शाळा जोडल्या, तिथल्या प्रत्येक वाडीचा पट एक वर्षाने आणि तीन वर्षांनी नावानिशी जाहीर करा. नऊपैकी किती मुले त्या मोठ्या शाळेत रोज पोहोचतात, त्यांत मुली किती, पाचवीनंतर कोण मेंढरांकडे किंवा ऊसतोडीला गेले, हे कळू द्या. सगळी पोहोचत असतील तर आमचा विरोध आम्ही तपासून पाहू. मित्राला शेवटचे वाक्य धोक्याचे वाटले. थोडी वादावादी झाली, पण त्याने ते ठेवले.

मग नऊ नावे त्याने मला फोनवर सांगितली आणि मी ती लिहून घेतली. पत्रकात ती छापली नाहीत. मुलांची नावे अशी चव्हाट्यावर आणू नयेत, यावर आमचे एकमत होते. पण ‘पट’ या शब्दाशी पुन्हा आले तेव्हा मला हिंदी सुचली. ‘नामांकन : नौ’ हे खोडून मी लिहिले, ‘इस स्कूल में नौ बच्चे पढ़ते हैं।’ वाक्याला कर्ता मिळाला होता.