नळाचे रूपक आणि मुळशीचे पाणी

संस्थांतील बोलण्याचालण्याविषयी ज्या उपपत्ती मांडण्यात आल्या आहेत, त्यांपैकी बहुतेकींच्या तळाशी एखादे रूपक दडलेले असते. इंग्रजीत भाषेसंबंधी बोलताना मनुष्य नकळत नळाची कल्पना करतो, असे मायकेल रेडी याने 1979 साली दाखविले: एकाने शब्दांत अर्थ भरावयाचा, दुसऱ्याने तो काढून घ्यावयाचा. आपणही 'निरोप पोचला', 'गोष्ट गळी उतरविली' असेच म्हणतो. पुढे 1986 साली गॅरेथ मॉर्गन याने संस्थेला यंत्र, शरीर, मेंदू, कारागृह अशा आठ रूपकांतून पाहिले. ग्रंथ रसाळ आहे. परंतु रूपक निवडण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नाला त्यात मिळावयास हवा तेवढा मान मिळालेला नाही, असे आमचे मत आहे.

हे पारखावयास पुण्याहून फार दूर जावयास नको. नीला व मुळा यांच्या संगमावर टाटा कंपनीने धरण बांधावयास घेतले. पाणी घाटाखाली भिऱ्यास सोडावयाचे आणि तेथील वीज मुंबईस न्यावयाची, अशी ती योजना. म्हणजे खराखुरा नळच! कंपनीचे बोलणेही त्याच जातीचे होते. जमीनमालकांना न विचारता चाचणीचे चर खणले गेले. मागाहून भूसंपादनाचा कायदा आला. नोटीस ही मराठीत 'बजावली' जाते, बोलली जात नाही, हे येथे ध्यानात घ्यावे. ती हाती पडली की संभाषण संपले. दवंडी पिटली म्हणजे चावडीवर खल झाला, असे कोणी खेडूत मानणार नाही. शिकलेल्या कचेऱ्या मात्र मानतात. आमच्या महाविद्यालयातील परिपत्रकांचा अनुभव निराळा नाही.

शिवाय नळाच्या एका टोकाला एकच मनुष्य असतो, हेही खोटे. 'मोबदला' हा शब्द पुण्यातील सावकार जमीनमालकाला एक सांगत होता आणि त्याची जमीन कसणाऱ्या मावळ्याला दुसरेच. एकाची रक्कम वाढण्याजोगी होती. दुसऱ्याचे भातखाचर बुडणार होते. देशी उद्योगासाठी त्याग करा, हा उपदेश तर शरीराच्या रूपकातला. इ. स. पूर्वी 494 मध्ये रोमच्या रुसलेल्या प्रजेला मेनेनियस अग्रिप्पाने पोट व अवयव यांची गोष्ट सांगितली म्हणतात. तिच्यातही गोष्ट सांगणारा पोटाच्याच बाजूचा होता.

16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीस, सुमारे 1200 मावळे बांधकामावर जाऊन बसले. या बसण्याला मॉर्गनच्या आठांपैकी कोणते रूपक लावावे? आम्हांस ते सरळ उत्तर वाटते. न विचारलेल्या प्रश्नाचे. 1924 पर्यंत लढा मोडला, सेनापती बापटांना तुरुंगवास घडला, आणि खोऱ्यात पाणी चढले.

राजेंद्र व्होरा यांच्या 'मुळशी सत्याग्रह' या ग्रंथात सावकार आणि कुळे यांच्यातील हा दुरावा विस्ताराने आला आहे. व्यवस्थापनशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी तो मॉर्गनच्या शेजारी ठेवून, आणि शक्य तर त्याच्या आधी, वाचावा.