अमर नायकांची सनद

कुमारवयाच्या वाचकाच्या हाती कोणते पुस्तक द्यावे आणि कोणते देऊ नये, या वादाचा निकाल लावू पाहणारी मंडळी बहुधा पुस्तकातील पात्रांच्या यादीपाशीच थबकतात. आणि त्या यादीत एखादा रक्तपिशाच, एखादा लांडग्याचे रूप घेणारा तरुण आणि त्या दोघांच्या मध्ये एक सतरा वर्षांची मुलगी आढळली, तर पहिले प्रकरण वाचून होण्यापूर्वीच त्यांचा निकाल लिहून तयार असतो. २००५ ते २००८ या अवधीत चार भागांत प्रसिद्ध झालेल्या स्टेफनी मेयर यांच्या ‘ट्वायलाइट’ मालिकेची हीच गत झाली. अमेरिकेतील शाळा आणि सार्वजनिक ग्रंथालये यांच्या दप्तरी तिच्याविरुद्ध इतक्या तक्रारी दाखल झाल्या, की ज्या पुस्तकांवर सर्वाधिक हरकती घेतल्या जातात त्यांची जी यादी अमेरिकन लायब्ररी असोसिएशन दरसाल प्रसिद्ध करते, तीत ही मालिका २००९ साली पाचव्या आणि २०१० साली दहाव्या स्थानी होती. कामुक वर्णने, धर्मविषयक दृष्टिकोन आणि वाचकांच्या वयास अनुचित मजकूर, ही फिर्यादींची कारणे.

यांतील पहिले कारण वाचून, ज्याने ही पुस्तके खरोखर वाचली आहेत असा मनुष्य चकितच होईल. मेयरबाई मॉर्मन पंथाच्या; त्यांचा नायक एडवर्ड कलन हा रक्तपिशाच योनीतला असला, तरी विवाहापूर्वी नायिकेशी शरीरसंबंध ठेवण्यास तो ठाम नकार देतो, आणि तीन जाडजूड भाग उलटून चौथ्या भागात यथाविधी लग्न लागेपर्यंत आपला निग्रह सोडत नाही. फडक्यांच्या कादंबऱ्या उशीखाली लपवून वाचलेल्या मराठी पिढीला तर हा नायक भलताच सोवळा वाटावा. भुताखेतांचे म्हणाल, तर ज्या मुलांनी मुंज्या आणि हडळ यांच्या गोष्टी आजीच्या कुशीत ऐकल्या आणि पुढे नारायण धारपांची पुस्तके दिवा मालवण्याची ताकीद मोडून वाचली, त्यांची मती त्यामुळे भ्रष्ट झाल्याचे कोणी दाखवून दिलेले नाही. भीती हा बालमनाचा जुना आणि पौष्टिक आहार आहे. तेव्हा पिशाचावर किंवा चुंबनावर रोख धरणाऱ्या फिर्यादी निकालात काढाव्यात, हे बरे. परंतु त्या निकालात निघाल्या म्हणून आरोपी निर्दोष ठरतो, असे मात्र नव्हे.

वॉशिंग्टन राज्यातील फोर्क्स या सदा पावसात भिजलेल्या गावी बापाकडे राहावयास आलेली बेला स्वान शाळेत ज्या तरुणावर भाळते, त्याचा जन्म १९०१ सालचा आहे. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत शिकागो येथे तो मरणोन्मुख असताना त्याला ही अमर योनी प्राप्त झाली आणि तेव्हापासून तो सतराच वर्षांचा दिसत आला. हा गृहस्थ रात्री बेलाच्या नकळत तिच्या खोलीत शिरून ती निजली असता तिच्याकडे पाहत बसतो. ‘एक्लिप्स’ या तिसऱ्या भागात, तिने जेकब नावाच्या मित्राला भेटावयास जाऊ नये म्हणून तिच्या गाडीच्या इंजिनातला एक भागच काढून ठेवतो. आणि आपण शिकारीस गेलो असता तिच्यावर पहारा ठेवण्याच्या मोबदल्यात आपल्या बहिणीला पिवळ्या रंगाची पोर्श मोटार नजर करतो. हेच उद्योग त्याच शाळेतल्या, खरोखरच सतरा वर्षांच्या, एखाद्या सामान्य मुलाने केले असते, तर बेलाच्या बापाने, जो त्या गावचा पोलीस प्रमुख आहे, त्याला चौकीवर आणून बसवले असते. निदान बसवावयास हवे होते. कारण याच भागात जेकब बेलाच्या इच्छेविरुद्ध तिचे चुंबन घेतो, ती संतापून त्याच्या तोंडावर ठोसा मारताना आपलाच हात दुखावून घेते, आणि हे वर्तमान कळल्यावर हा कायद्याचा रक्षक मुलीची विचारपूस करण्याऐवजी जेकबला शाबासकी देतो.

माझी हरकत येथे आहे. या कादंबऱ्यांत अद्भुताचे काम भय उत्पन्न करणे हे नाहीच; अद्भुत येथे नायकाला बहाल केलेली एक सनद आहे, आणि मर्त्य पुरुषाला ज्या वर्तनाचा जाब द्यावा लागला असता, त्या वर्तनाची तिच्या जोरावर त्याला परस्पर माफी मिळते. तो पाळत ठेवतो, कारण त्याला झोप नाही; तो हुकमत गाजवतो, कारण त्याच्या जगात तिच्या जिवाला खरोखरच धोका आहे; विवाहानंतरच्या पहिल्या रात्रीनंतर तिच्या अंगावर वळ उठतात, कारण त्याचे बळ अमानुष आहे, आणि ते वळ झाकून त्याचे सांत्वन करण्याचे काम तिच्याकडे येते. जेकबच्या बाबतीत तर ही सनद हास्यास्पदतेच्या टोकाला पोचते. शेवटच्या भागात त्याचे चित्त जन्मभरासाठी जडते ते बेलाच्या नवजात मुलीवर, आणि वाचकाने विचलित होऊ नये म्हणून, हा वृकमानवांच्या जातीचा निसर्गनियम आहे, अशी समजूत घातली जाते. ती जात लेखिकेने ला पुश येथील क्विल्यूट या प्रत्यक्ष नांदत्या आदिवासी जमातीवर लादली आहे. लांडग्यांपासून आपली उत्पत्ती झाली, एवढीच त्या जमातीची मूळ कथा, आणि बाकीची वहिवाट मेयरबाईंच्या पदरची.

मानवाचे अमानुषाशी जडलेले प्रेम आपणांस नवे नाही. उर्वशीने पुरूरव्याला घातलेल्या अटी आणि त्या मोडताच केलेला त्याग ऋग्वेदापासून चालत आला आहे. परंतु एडवर्डच्या संबंधात मला अधिक आठवतो तो ययाति. मुलाचे तारुण्य उसने घेऊन पुन्हा भोगाकडे वळलेला तो राजा खांडेकरांनी १९५९ साली कादंबरीत आणला, तेव्हा त्या उसन्या यौवनाची लाज आणि त्याची किंमत हाच त्यांच्या कथनाचा गाभा होता. शंभरी ओलांडलेला पुरुष कोवळ्या देहात वावरतो आणि शाळकरी मुलीवर प्रेम करतो, या कल्पनेत ज्या भयाची आणि करुणेची शक्यता दडलेली आहे, तिच्याकडे ‘ट्वायलाइट’ने पाहिलेच नाही, शंभर वर्षांच्या अनुभवातून या नायकाने संपादन केले ते पियानोवादन, जुन्या वळणाची अदब आणि वेगाने मोटार हाकण्याचे कौशल्य.

हा दोष या साहित्यप्रकाराच्या रक्तातच आहे काय, असे विचारले तर मी नाही म्हणेन, आणि त्यासाठी मेयरबाईंच्या पूर्वीच्या दोन-तीन पुस्तकांचा दाखला देईन. इंग्लंडच्या अ‍ॅलन गार्नर यांची ‘द आऊल सर्व्हिस’ १९६७ साली प्रसिद्ध झाली आणि तिला कार्नेगी पदक मिळाले. वेल्समधील एका खोऱ्यात सुट्टीसाठी आलेली अ‍ॅलिसन, तिचा सावत्र भाऊ रॉजर आणि घरकाम करणाऱ्या बाईचा हुशार मुलगा ग्विन, या तिघांवर फुलांपासून घडवलेल्या आणि पुढे घुबड झालेल्या ब्लॉडायवेथच्या प्राचीन कथेची छाया पडते, आणि पिढ्यान्‌पिढ्या त्या खोऱ्यात घडत आलेले प्रेम, मत्सर आणि हत्या यांचे चक्र पुन्हा फिरू लागते. येथे प्रारब्ध आहे, आणि ते मेयरबाईंच्या प्रारब्धाहून कितीतरी भयंकर आहे. परंतु गार्नरना त्या प्रारब्धापुढे मान तुकवणारी पात्रे नको आहेत, ते मोडणारे कोणीतरी हवे आहे. आणि येथे त्यांच्या कलेचे खरे धाडस दिसते: ज्याच्यावर वाचकाचा जीव जडलेला असतो तो ग्विन, वर्गभेदाच्या अपमानाने इतका पोळलेला आहे की ऐन क्षणी त्याच्याने क्षमा होत नाही, चक्र मोडतो तो सामान्य, थोडासा कंटाळवाणा रॉजर. चौदा वर्षांच्या वाचकाला हा शेवट रुचत नाही. मलाही प्रथम वाचनी रुचला नव्हता. पण ते पुस्तक मनात ठाण मांडून बसते ते याच शेवटामुळे.

न्यूझीलंडच्या मार्गारेट माही यांनी १९८४ साली ‘द चेंजओव्हर’ लिहिली तेव्हा तिला ‘अतिमानुष प्रणयकथा’ असेच उपशीर्षक दिले होते, म्हणजे आजच्या बाजारातील नाममुद्रा त्यांनी आधीच उमटवून ठेवली होती म्हणावयाची. तिची नायिका लॉरा चौदा वर्षांची. तिच्या चिमुकल्या भावाचे चैतन्य एक दुष्ट वृद्ध शोषून घेत आहे, आणि त्याला वाचवण्यासाठी ती शाळेतील एका मोठ्या मुलाची मदत मागते, ज्याच्या अंगी जादू आहे आणि ज्याच्या वागण्यात उद्धटपणाही आहे. त्याच्या जादूमुळे त्याचा उद्धटपणा माफ होत नाही. लॉरा त्याच्याकडे आकृष्ट होते आणि त्याच वेळी त्याला ठणकावतेही. मुख्य म्हणजे, भावाची सुटका करण्यासाठी ती स्वतःच चेटकीण होते. शक्ती तिच्या हाती येते, आणि शत्रू आपल्या मुठीत सापडल्यावर किती क्रूर व्हावयाचे, हा प्रश्नही त्या शक्तीबरोबरच येतो. अ‍ॅनेट कर्टिस क्लॉस यांच्या ‘द सिल्व्हर किस’मध्ये (१९९०) तर प्रत्यक्ष रक्तपिशाचच नायक आहे, परंतु झोईची आई कर्करोगाने रुग्णालयात मरत असताना ज्याला मरणच येत नाही असा हा सायमन तिला भेटतो, आणि अखेर सूर्योदयाला सामोरे जाऊन आपले अस्तित्व संपवतो. अमरत्वाचा मोह दाखवून मृत्यूला सामोरे जाण्याचे बळ देणारे याहून सरळ पुस्तक कुमारांसाठी मी वाचलेले नाही.

‘ट्वायलाइट’च्या यशानंतर जो पूर आला, त्याच्याविषयी फार लिहिण्याजोगे नाही. पतित देवदूत, वृकमानव, परी, यक्ष यांची भरती झाली, पण नायकाची सनद बहुतेक ठिकाणी तीच राहिली.

तथापि मेयरबाईंना एक श्रेय द्यावयास हवे. ‘न्यू मून’मध्ये एडवर्ड बेलाला सोडून जातो, आणि पुढची पाने केवळ ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी एवढी महिन्यांची नावे घेऊन कोरी राहतात. कुमारवयातील दुःखाचा बधिरपणा इतक्या थोड्या साधनांनी क्वचितच कोणी दाखवला असेल, आणि लाखो मुलींनी ही पुस्तके छातीशी का धरली, याचे उत्तर समीक्षकांनी त्या कोऱ्या पानांत शोधावे. त्याच भागात, संकटात सापडले म्हणजे एडवर्डचा आवाज ऐकू येतो, म्हणून ती मुद्दाम कड्यावरून समुद्रात उडी घेते, हेही मात्र विसरून चालत नाही.

मग वयाचे काय? इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या आमच्या मुलांच्या हाती ही पुस्तके फास्टर फेणे नुकताच मागे पडलेला असतो त्याच वयात, म्हणजे अकरा-बाराच्या सुमारास, येतात. त्या वयाच्या मुलीला ‘द चेंजओव्हर’ मी निःशंकपणे देईन. गार्नर चौदाव्या वर्षापर्यंत थांबू शकतात, कारण त्यांचे मौन समजावयास थोडी तयारी लागते. ‘ट्वायलाइट’ पंधराव्या-सोळाव्या वर्षी वाचली जावी, जेव्हा वर्गातल्या एखाद्या मुलाने मैत्रिणीला फोनवरून दिवसातून दहा वेळा हजेरी द्यावयास लावल्याचे तिने पाहिलेले असते. आणि चौथा भाग वाचलाच नाही तरी वाङ्मयाचे फारसे नुकसान नाही. बंदीची मात्र मी शिफारस करणार नाही. सारा मास यांची ‘अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस’ ही मालिका २०१५ साली कुमारवाचकांसाठी म्हणून निघाली, २०२० साली नव्या वेष्टनात प्रौढांच्या फडताळात गेली, आणि २०२४ साली यूटा राज्याने सरकारी शाळांतून हद्दपार केलेल्या तेरा पुस्तकांपैकी सहा मासबाईंची होती. प्रकाशकाला जे पुस्तक कोणत्या वयाचे हे ठरवावयास पाच वर्षे लागली, त्याचा निवाडा सरकारी फर्मानाने घाईने करण्यात कोणता शहाणपणा आहे?

२०२० साली मेयरबाईंनी पहिल्याच भागाची कथा एडवर्डच्या मुखाने ‘मिडनाइट सन’ या नावाने पुन्हा सांगितली. २००५ साली ज्या बारा वर्षांच्या होत्या, त्या वाचक तोवर सत्ताविशीच्या झाल्या होत्या, आणि त्यांना नायकाच्या मनात पुस्तकरूपाने आतून डोकावता आले. बेलाचा गंध नाकात शिरताच सबंध वर्गाची कत्तल कशी करावी याचे बेत तो शांतपणे आखतो. तिच्या खोलीत रात्री शिरताना त्याला स्वतःची किळसही येते, आणि त्याच दमात खिडकी अडकते म्हणून पुढच्या खेपेस तेल आणावे, असेही तो मनाशी म्हणतो. मालिकेतील सर्वांत प्रामाणिक ओळ मला ती वाटते, कारण तीत अमरत्वाचा वा प्रारब्धाचा हवाला नाही. आहे तो फक्त पुन्हा येण्याची तयारी करणारा एक पुरुष, आणि तो पुस्तकरूपाने वाचकांपुढे यावयास पंधरा वर्षे लागली.