परदेशी टॅक्सी आणि अंधेरीची रिक्षा

गेल्या पावसाळ्यांत अंधेरीस एका स्नेह्यांकडे गेलों असतां त्यांचे चिरंजीव पडद्यावर मोटार हांकीत बसलेले आढळले. खिडकीखालीं खऱ्या मोटारी कितीतरी वेळ एकाच जागीं उभ्या होत्या. आंत मात्र त्यांची मोटार एका परक्या शहराचे चौक आणि चढउतार ओलांडून वाऱ्यासारखी धांवत होती. “काका, आपल्या अंधेरीचा असा गेम केला तर?” त्यांनीं विचारलें. प्रश्न मुलाचा खरा, पण हंसण्यावारी नेण्याजोगा आम्हांस वाटला नाहीं.

ह्या खेळांस आर्केड पद्धतीचे म्हणतात, कारण ते प्रथम नाणें टाकून खेळावयाच्या यंत्रांवर रूढ झाले. नाण्यापुरता वेळ, म्हणून डोक्यावर सदैव घड्याळ. ह्या जातीचा उत्कृष्ट नमुना म्हणजे जपानच्या सेगा कंपनीचा १९९९ सालचा ‘क्रेझी टॅक्सी’. उतारू घ्यावा, बाण दाखवील तिकडे गाडी फेकावी, वेळेच्या आंत पोंचवावें आणि भाडें घ्यावें, एवढेंच त्याचें संविधानक. दुसऱ्या गाडीस अगदीं चाटून गेल्यास वर बक्षिशी. त्यांतील टॅक्सीवाला खोटा असला तरी घाई खरी आहे, आणि म्हणूनच तो खेळ टिकला, असें आमचें मत आहे.

पण त्यांतलें शहर म्हणजे नाटकाचा रंगविलेला पडदा. पादचारी तर असे चपळ, कीं गाडी कशीहि अंगावर आली तरी उडी मारून बाजूस होतात. त्याच सालच्या ‘मिडटाउन मॅडनेस’मधील शिकागोचे नागरिकहि असेच अवध्य आहेत, आणि २००८ सालच्या ‘बर्नआउट पॅरडाइज’मध्यें रस्त्यावर चालणारें माणूस औषधालाहि सांपडत नाहीं. रक्तपात टळला ह्याबद्दल रचनाकारांचे आभारच मानले पाहिजेत. परंतु माणसास वगळलें किंवा रबराचें केलें, म्हणजे वेग तेवढा उरतो, शहर उरत नाहीं.

मुंबईच्याच गेमिऑन या संस्थेनें ‘मुंबई गल्लीज’ नांवाचा खुल्या शहराचा खेळ रचावयास घेतला, ही गोष्ट अभिनंदनीय आहे. आमचा विचार मात्र केवळ उपनगरांपुरता आहे, आणि तेथें टॅक्सीच्या जागीं रिक्षा घालून व पाट्या मराठींत लिहून भागणार नाहीं.

प्रथम सीमा घ्या. अशा प्रत्येक खेळास कोठें तरी जग संपवावें लागतें. बहुधा समुद्र किंवा डोंगर आडवा घालून तें संपवितात. आमच्याकडे ही सोय नियमानेंच करून ठेविली आहे. रिक्षा पश्चिमेस वांद्र्यापर्यंत, पूर्वेस शीवपर्यंत; त्यापलीकडे तिला मज्जाव. मग तो बाण. मुलुंडास उभें राहून त्याचें टोंक बोरिवलीकडे रोखलें, तर तें नीट राष्ट्रीय उद्यानांत घुसेल. मध्यें शंभराहून अधिक चौरस किलोमीटरांचें अरण्य, आणि त्यांत बिबटे! नकाशावर वीतभर दिसणारें अंतर उत्तरेस घोडबंदर मार्गानें किंवा दक्षिणेस जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यानें वळसा घालून तोडावें लागतें. ह्या अरण्याखालून गोरेगांव-मुलुंड बोगद्याचें काम हातीं घेतलें आहे. खेळांत तो शेवटच्या पायरीवर बक्षीस म्हणून उघडावा.

त्याहून बळकट भिंत रेल्वेच्या रुळांची. अंधेरींत पूर्वेकडून पश्चिमेस जावयाचें तर एक गोखले पूल, नाहींतर सबवे. आणि सबवे मोठा पाऊस झाला कीं पाण्याखालीं. पुलाची कथा तर कोणा कादंबरीकारास सुचली नसती. ३ जुलै २०१८ रोजीं त्याचा पादचाऱ्यांचा भाग रुळांवर कोसळला. नोव्हेंबर २०२२ मध्यें पूल रहदारीस बंद झाला. फेब्रुवारी २०२४ मध्यें नव्या पुलाची एक बाजू उघडली, तेव्हां शेजारच्या बर्फीवाला उड्डाणपुलाशीं तिची उंचीच जुळेना. फरक मीटरभराहून अधिक! उड्डाणपुलाचें टोंक उचलून दोहोंची गांठ घालण्यास जुलै उजाडला, आणि संपूर्ण पूल खुला व्हावयास २०२५ चा मे.

परदेशी वळणाचा रचनाकार ह्या फटीवरून गाडी उडवील आणि त्याबद्दल गुण देईल. आम्ही म्हणतों, उडवूं नये. पूल बंद आहे, सबवेंत पाणी आहे, मागें परीक्षेस निघालेली मुलगी बसली आहे, आणि घड्याळ चालू आहे. आतां जोगेश्वरीकडून जाल कीं विलेपार्ल्याकडून? ह्या एका प्रश्नांत जी धडधड आहे ती दहा उड्यांत नाहीं.

राहिलीं माणसें, आणि येथेंच आमचा खरा आग्रह आहे. घाटकोपर स्थानकाबाहेर संध्याकाळीं सातांस उभें राहून पाहावें. पदपथावर दुकान आलें म्हणून माणूस रस्त्यावर उतरला आहे. एका हातीं भाजीची पिशवी, दुसऱ्या हातीं पोर. तो उडी मारील कोठें? अशा ठिकाणीं चाटून जाणाऱ्यास बक्षिशी देणारा खेळ मुलांच्या मनांत एक शहर उभें करतो, ज्यांत बाजूस होणें हें नेहमीं दुसऱ्याचेंच काम असतें. आम्हांस हें पसंत नाहीं. गुण द्यावे ते कोणासहि न दचकवितां निघून गेल्याबद्दल.

यावर असा आक्षेप येईल कीं, मग हा खेळ न राहतां परवान्याची परीक्षा होईल. कच्च्या हातीं पडला तर तसें होईलहि. परंतु घड्याळ आम्ही काढलेलें नाहीं, आणि तीन चाकांवर हातभर जागेंतून वळणें ही रोज दिसणारी करामत आहे. ती पाहतांना आमचा श्वास कितीदां तरी अडकला आहे. शिवाय रिक्षावाल्याचा हिशेबहि खेळांत यावा. क्रेझी टॅक्सीचा चालक परतीची चिंता करीत नाहीं. आमचा करतो. फेब्रुवारी २०२५ मध्यें पहिल्या दीड किलोमीटरास २६ रुपये ठरले. तेवढ्यासाठीं कोंडींत शिरावें, कीं लांबचा उतारू पाहावा, आणि रिक्षा मालकास परत देण्याची वेळ आली असतां उलट दिशेचें भाडें घ्यावें काय? ‘नाहीं’ म्हणण्याची मुभा आणि त्याबद्दल उतारूची बोलणीं, दोन्ही असावींत.

हें सारें आम्हीं चिरंजीवांस सांगितलें. त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें आणि हॉर्न असेल कीं नाहीं, एवढेंच विचारलें. असेल, आम्ही म्हणालों. मात्र तो वाजविल्यानें पुढचा कोणी हलणार नाहीं.