‘स्टिम’चा वेग आणि त्यामागचं गृहीतक

क्वांटम त्रुटिदुरुस्तीत खरं काम भौतिकशास्त्रज्ञांचं, कोड काय कुणीही लिहून देईल, असं तुम्हीही ऐकलं असेल. या समजाला उत्तर म्हणून मी एक शोधनिबंध पुढे करते: ‘स्टिम’ या सिम्युलेटरवरचा क्रेग गिडनी यांचा, २०२१ साली ‘क्वांटम’ या नियतकालिकात आलेला. लेखक एकटाच, गूगलच्या क्वांटम चमूतला, मूळचा सॉफ्टवेअर अभियंता. निबंध उत्तम आहे. पण त्याच्या यशातून आपल्या क्षेत्राला एक सवय लागली आहे, आणि तिच्याबद्दल माझी तक्रार आहे.

आधी प्रश्न समजून घेऊ. क्युबिट फार चुकतात, म्हणून बरेच क्युबिट मिळून एक ‘तार्किक’ क्युबिट बनवायचा आणि सतत तपासण्या घेत राहायचं. अशी एखादी रचना किती चांगली हे ठरवायला ती साध्या संगणकावर लाखो वेळा चालवून बघावी लागते. कुठलंही क्वांटम सर्किट घेतलं तर काही डझन क्युबिटांनंतर हे हाताबाहेर जातं. पण त्रुटिदुरुस्तीची सर्किटं मुख्यतः क्लिफर्ड गेट्सची असतात आणि ती साध्या संगणकावर चालवणं शक्य आहे. त्यासाठी आरनसन आणि गॉट्समन यांनी २००४ मध्येच चांगली पद्धत दिली होती. मग गिडनींनी नवीन काय केलं?

तीन गोष्टी. पहिली, नोंदींचा तक्ता उलटा ठेवला. त्यामुळे ज्या मापनाचं उत्तर आधीच ठरलेलं असतं, त्याला क्युबिटांच्या संख्येच्या वर्गाइतका वेळ न लागता संख्येइतकाच लागतो. दुसरी, प्रोसेसरकडून एका दमात २५६ बिटांवर काम करून घेतलं. तिसरी मला सगळ्यात आवडते. सर्किट एकदाच पूर्ण चालवायचं, आणि पुढच्या प्रत्येक फेरीत फक्त त्यापेक्षा वेगळं काय झालं तेवढंच टिपायचं. वर्गात बाई सगळ्यांची नावं न लिहिता फक्त गैरहजर मुलांची लिहितात, तसं. निकाल असा: २० हजार क्युबिट, ८० लाख गेट्स आणि १० लाख मापनं असलेलं सर्किट १५ सेकंदांत तपासून होतं, आणि मग सेकंदाला सुमारे हजार फेऱ्या मिळतात.

सगळे या वेगाचं कौतुक करतात. मला विचाराल तर स्टिमचं टिकाऊ देणं वेगळं आहे, आणि ते म्हणजे ‘डिटेक्टर’. चूक नसेल तर काही मापनांची बेरीज सम की विषम हे आधीच ठरलेलं असतं. दुकानाचा रोजमेळ जुळला नाही की कुठेतरी घोळ आहे हे कळतं, तसाच हा हिशेब. स्टिम सर्किटवरून अशी यादी बनवतं की कुठल्या चुकीने कुठले डिटेक्टर वाजतात आणि किती शक्यतेने. ही यादी थेट डिकोडरच्या हातात देता येते. ‘पायमॅचिंग’सारखे डिकोडर तीच वाचतात. रचना करणारा आणि डिकोडर लिहिणारा यांना बोलायला एक भाषा मिळाली. चांगल्या सॉफ्टवेअर अभियंत्याचं काम याहून वेगळं काय असतं?

आता तक्रार. स्टिममध्ये तयार सर्किटं मिळतात. दोन-चार आकडे भरले की गोंगाटासकट सरफेस कोड हजर! मग होतं काय, की निबंधामागून निबंध तोच एकसारखा गोंगाट धरून चालतात: प्रत्येक गेट सारखंच चुकतं, आणि प्रत्येक चूक दुसरीपासून स्वतंत्र. खऱ्या चिपवर असं नसतं. क्युबिट आपल्या दोन पातळ्या सोडून तिसरीतच जाऊन बसतो. गेट दर वेळी त्याच दिशेने थोडं जास्त वळतं. या दोन्ही गोष्टी स्टिममध्ये जशाच्या तशा मांडता येत नाहीत.

याची किंमत किती, ते गूगलच्याच ‘विलो’ चिपच्या प्रयोगात बघा. २०२४ च्या डिसेंबरमध्ये ‘नेचर’ने तो प्रसिद्ध केला. कोडचं अंतर ५ वरून ७ वर नेलं आणि तार्किक चूक निम्म्याहूनही कमी झाली, फेरीला ०.१४३ टक्के. पण त्याच लेखात, अंतर २९ पर्यंतच्या रिपिटिशन कोडमध्ये ही घसरण एका ठिकाणी अडली. कारण, साधारण तासाला एकदा येणारा, अनेक क्युबिटांना एकदम धरणारा चुकांचा झटका. ‘प्रत्येक चूक स्वतंत्र’ असं मानणारा आलेख हा तळ कधीच दाखवणार नाही, फेऱ्या कितीही वाढवा.

यात दोष स्टिमचा कमी, आपला जास्त. प्रत्येक गेटला वेगळी शक्यता देणं, एकत्र येणाऱ्या चुका लिहिणं, हे स्टिममध्ये जमतं. फक्त त्यासाठी चिपवरची मोजमापं मिळवावी लागतात, आणि तिथे आपण कंटाळा करतो.

तुम्ही सॉफ्टवेअरमधून या क्षेत्रात येत असाल तर निबंध जरूर वाचा, कोडही उघडा आहे. नंतर कुणाचाही आलेख समोर आला की आधी विचारा: हा गोंगाट मोजलेला आहे की मानलेला? पुढच्या चिपची रचना अशाच आलेखांवरून ठरते, तेव्हा हा प्रश्न विचारायला भौतिकशास्त्राच्या पदवीची वाट बघू नका.