मॅक्चेनचें ‘दैनिक भाकर’ : एका बायबल-पारायणाच्या कोष्टकाचें परीक्षण

बायबल अथपासून इतिपर्यंत नेमानें वाचून पुरें करणें ही ख्रिस्ती लोकांत एक साधना मानिली जाते. आपल्याकडील पारायणाशीं तिचें साम्य सहज लक्षांत येतें. या साधनेसाठीं वेळोवेळीं जीं कोष्टकें तयार झालीं त्यांत स्कॉटलंडांतील डंडी येथील सेंट पीटर्स चर्चचे पाळक रॉबर्ट मरे मॅक्चेन यांचें ‘दैनिक भाकर’ हें फार टिकलें. त्यांनीं तें आपल्या मंडळीकरितां इ. स. १८४२ च्या अखेरीस तयार केलें, व १८४३ च्या पहिल्या दिवसापासून तें चालू व्हावयाचें होतें. पुढें तें पुष्कळ ठिकाणीं नुसतें कोष्टक म्हणूनच छापलें गेलें. त्याच्या आरंभीं मॅक्चेननें मंडळीस लिहिलेलें पत्र होतें, हें त्यामुळें अनेक वाचकांच्या गांवींही नसतें. आमच्या मतें हें पत्र गाळून कोष्टक वाचणें म्हणजे आरंभींचीं पानें गहाळ झालेली पोथी पूर्ण समजून वाचणें होय. पत्र व कोष्टक मिळून एकच कृति होते, आणि तिचें मर्म पत्रांत आहे, हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्रथम पूर्वपीठिका थोडक्यांत पाहूं. ग्रंथ ठराविक काळांत वाचून संपवावा ही कल्पना ख्रिस्ती लोकांची नवी नव्हे. यहुदी लोक सभास्थानांत मोशेचे पांच ग्रंथ ५४ भागांत विभागून वर्षांत वाचून पुरे करितात. पॅलेस्टाईनमध्यें पूर्वीं हेंच वाचन सुमारें तीन वर्षांत पुरें करण्याचा प्रघात होता; पण टिकला तो बाबिलोनचा वार्षिक क्रम. वाचन ज्या दिवशीं संपतें त्याच दिवशीं उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायापासून पुन्हां आरंभ होतो, म्हणजे समाप्ति व प्रारंभ यांमध्यें खंड राहत नाहीं. हा क्रम आपल्या कोंकणांतील मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल लोकांच्या सभास्थानांतही चालत आला आहे. त्यांचें मुंबईंतील पहिलें सभास्थान इ. स. १७९६ मधील आहे. मात्र या वाचनांत पूर्ण होतात ते पांच ग्रंथ. समग्र शास्त्र नव्हे.

इंग्लंडांत समग्र वाचनाचा प्रयत्न इ. स. १५४९ च्या ‘सामान्य प्रार्थनेच्या पुस्तकां’त झाला. त्याच्या प्रस्तावनेंत टॉमस क्रॅन्मर याची तक्रार अशी कीं, निरनिराळ्या सणांच्या सुमारास एकेक ग्रंथ वाचावयास घेतला जाई, पण तो शेवटास कधींच जात नसे. आणि काय वाचावयाचें याचे नियम इतके जटिल होते कीं, वाचण्यापेक्षां वाचावयाचें स्थळ शोधण्यासच अधिक खटपट पडे. यावर उपाय म्हणून त्यानें रोज सकाळसंध्याकाळच्या पाठांचें कोष्टक दिलें. त्यांत जुना करार वर्षांतून एकदां, नवा करार तीनदां व स्तोत्रसंहिता दर महिन्यास एकदां, असा क्रम होता. परंतु बारकाईनें पाहतां हें वाचन समग्र नाहीं. इतिहासाचीं दोन्ही पुस्तकें, गीतरत्न व लेवीय ग्रंथाचा बहुतेक भाग त्यांत नाहींत. प्रकटीकरणही कांहीं सणांचे पाठ वगळतां सुटलें आहे. कमी बोधप्रद भाग गाळण्यास हरकत नाहीं, असें क्रॅन्मरचें धोरण होतें व तें त्यानें उघडपणें सांगितलें आहे. प्रकटीकरणास नित्यपाठांत जागा मिळाली ती पुढें इ. स. १८७१ च्या कोष्टकांत.

मॅक्चेननें निवडीचा मार्ग सोडून दिला. त्याच्या कोष्टकांत रोज चार पाठ आहेत. दोन कुटुंबांत मिळून वाचावयाचे व दोन एकांतांत. १ जानेवारीस उत्पत्ति, मत्तय, एज्रा व प्रेषितांचीं कृत्यें यांचे पहिले अध्याय येतात. म्हणजे जगाचा, ख्रिस्तचरित्राचा, बंदिवासांतून परतलेल्या लोकांचा व मंडळीचा असे चार आरंभ एका दिवशीं जुळून येतात. वर्षांत जुना करार एकदां आणि नवा करार व स्तोत्रें दोनदां पुरीं होतात.

येथें थोडा हिशेब करून पाहिला असतां कोष्टककर्त्याचें कौशल्य कळतें. जुन्या कराराचे अध्याय ९२९ व नव्याचे २६०, मिळून ११८९. नवा करार दुसऱ्यांदा वाचावयाचा म्हणून २६० व स्तोत्रें दुसऱ्यांदा म्हणून १५० मिळविले म्हणजे बेरीज १५९९ होते. रोज चार याप्रमाणें ३६५ दिवसांत जागा मात्र १४६० आहेत. उरलेल्या १३९ अध्यायांची सोय त्यानें लहान स्तोत्रें व लहान अध्याय एकत्र जोडून केली. उलट ११९ वें स्तोत्र १७६ वचनांचें, तें अनेक दिवसांत वांटलें. लूकच्या लांब पहिल्या अध्यायाचेही दोन भाग केले. बायबलाचे अध्याय मूळ लेखकांचे नव्हेत. प्रचलित विभागणी तेराव्या शतकाच्या आरंभीं होऊन गेलेल्या स्टीफन लँग्टन याच्या नांवावर आहे. अशीं विषम मापें घेऊन वर्षाचा मेळ बसविणें हें सोपें काम नव्हतें.

परंतु कोष्टकाचा हा सुबकपणाच त्याचा धोका आहे, आणि तो प्रथम कोणी ओळखला असेल तर खुद्द मॅक्चेननें. आपल्या पोथ्यांच्या शेवटीं फलश्रुति असते. अमुक पारायणें केलीं असतां अमुक फळ मिळेल असें तींत सांगितलेलें असतें. मॅक्चेनच्या पत्रांतही लाभ सांगितले आहेत. शास्त्र क्रमानें पुरें होईल. काय वाचावें हें ठरविण्यांत वेळ जाणार नाहीं. आईबापांस मुलांना विचारण्यास नित्य विषय मिळेल. आपला कळप कोणत्या कुरणांत चरत आहे हें पाळकास ठाऊक राहील. आणि सर्वांनीं एकच पाठ वाचल्यानें परस्परांतील प्रेम वाढेल. पण या लाभांच्या आधीं त्यानें चार धोके मांडले आहेत. वाचन नुसता उपचार होईल. नेम पाळला म्हणून वाचणाराच्या मनांत पुण्याचा अभिमान शिरेल. पाठ उरकण्यासाठीं वाचन वरवर होईल. आणि कित्येकांस हें जूं झेपणार नाहीं. ज्यांस तें झेपणार नाहीं त्यांनीं कोष्टक बाजूस ठेवून मोकळेपणें वाचावें, अशी स्पष्ट मुभाही त्यानें दिली आहे. आपल्या नियमावलीच्या आरंभींच ती मोडण्याची परवानगी देणारा नियमकार विरळा.

पत्रांतील सूचनाही याच वळणाच्या आहेत. कुटुंबप्रमुखानें अध्याय आधीं स्वतः वाचून त्यांतील दोनतीन मुख्य वचनांवर खुणा कराव्या, आणि त्यांवर घरच्यांना साधे प्रश्न विचारावे. एखादा अध्याय सर्वांदेखत वाचण्याजोगा नसेल तर तो एकांतांत वाचण्यास सांगावा. क्रॅन्मरनें जी निवड कोष्टक करतांना केली ती मॅक्चेननें वाचणाराच्या विवेकावर सोंपविली. ग्रंथ मात्र कापला नाहीं. दोघांच्या कृतींतील खरा भेद आम्हांस येथें दिसतो. पत्र काढून टाकिलें म्हणजे हा विवेक नाहींसा होतो व उरतो तो केवळ दिवसांचा हिशेब.

तथापि कोष्टकांत दोष नाहीं असें नव्हे. चार प्रवाह एकदम चालविल्यामुळें कथेचा धागा तुटतो. उदाहरणार्थ २५ मार्चचे पाठ घ्या : निर्गमाच्या ३६ व्या अध्यायांतील निवासमंडपाच्या पडद्यांचीं व फळ्यांचीं मापें, योहानाच्या १५ व्यांतील द्राक्षवेलाचा दृष्टांत, नीतिसूत्रांचा १२ वा अध्याय, आणि इफिसकरांस पत्रांतील ५ वा अध्याय. चतुर वाचक यांत संबंध पाहील. साधा वाचक गोंधळेल. डी. ए. कार्सन यांनीं इ. स. १९९८ व १९९९ मध्यें या कोष्टकावर दोन भागांत चिंतनें लिहिलीं, तीं पहिल्या भागांत दोन रकाने व दुसऱ्यांत उरलेले दोन अशा रीतीनें. त्यावरूनही चार पाठांचें ओझें ध्यानांत येतें. दुसरें असें कीं, वंशावळी व जनगणना यांचे अध्याय आणि गिरिप्रवचन यांस कोष्टकांत समान जागा मिळते. समग्रतेचा आग्रह धरला कीं हें अटळ आहे. पण त्याचा भार वाचणारावर पडतो, हें नाकारतां येत नाहीं.

मॅक्चेन स्वतः हें वर्ष पुरें करूं शकला नाहीं. वर उदाहरणादाखल घेतलेल्या २५ मार्च रोजींच, इ. स. १८४३ मध्यें, वयाच्या २९ व्या वर्षीं टायफस ज्वरानें त्याचा अंत झाला. कोष्टकाचा तो ८४ वा दिवस. पुढचे २८१ दिवस मंडळीस त्याच्यावांचून वाचावे लागले. कळप कोणत्या कुरणांत आहे हें जाणणारा पाळक उरला नाहीं, तरी कुरण ठरलेलें होतें. समाईक कोष्टकाचें बळ येथें दिसतें, व तें आम्ही कमी लेखीत नाहीं.

आतां संग्राहकांस दोन शब्द. ग्रीक शुभवर्तमानांच्या हस्तलिखितांत पाठ कोठें सुरू होतो व कोठें संपतो याच्या खुणा समासांत असतात; सप्ताहाच्या आपल्या पोथ्यांतही रोजच्या विश्रामाचें स्थळ दाखविलेलें आढळतें. विद्वान् त्यांस आतां प्रमाण मानूं लागले आहेत. छापील बायबलांतील कोष्टकें, सुटीं पत्रकें व पेनसिलीच्या खुणा यांसही तीच किंमत द्यावी. बांधणीच्या वेळीं तीं काढून टाकूं नयेत. लेवीय ग्रंथापाशीं थांबलेल्या खुणाही पुरावाच आहेत. पण पुरावा कशाचा, हें विसरूं नये. खूण सांगते ती इतकेंच कीं, पान उलटलें गेलें. वाचणाराच्या अंतःकरणांत काय उतरलें तें ती सांगत नाहीं. हा भेद मॅक्चेननें आपल्या कोष्टकाच्या आरंभींच लिहून ठेविला होता. म्हणून पुढें जो कोणी हें कोष्टक छापील त्यानें तें पत्रासह छापावें, हीच आमची सूचना.