'गोजिरा' आणि प्रेक्षकाची भूमिका

जुन्या विज्ञानाद्भुत चित्रपटांकडे व राक्षसपटांकडे पाहण्याच्या दोन पद्धती रूढ झालेल्या दिसतात. पहिली उपहासाची. रबरी कातडे पांघरलेला नट खेळण्यातली घरे तुडवीत चालला आहे, हे ध्यानी येताच हसून मोकळे व्हावे, अशी ही वृत्ती. दुसरी पद्धत प्रतीकशोधाची. राक्षस म्हणजे अणुबॉम्ब, एवढे समीकरण मांडले की रसग्रहणाचे कार्य संपले, अशी तिची समजूत असते. प्रत्यक्ष चित्रपट पाहण्याचे कष्ट दोन्ही पद्धती टाळतात. भयाचे दृश्य कोणाच्या दृष्टीतून दाखविले आहे आणि प्रेक्षकाला कोठे उभे केले आहे, हा या चित्रप्रकाराच्या परीक्षणातील मुख्य प्रश्न होय. इशिरो होंडा यांचा 'गोजिरा' (१९५४) आणि त्याची १९५६ ची अमेरिकन आवृत्ती यांची तुलना केली असता या प्रश्नाचे महत्त्व स्पष्ट होते.

'गोजिरा' हे नाव मराठी कानाला लडिवाळ वाटेल. परंतु जपानी भाषेत ते 'गोरिरा' म्हणजे गोरिला आणि 'कुजिरा' म्हणजे देवमासा या दोन शब्दांच्या संयोगातून सिद्ध झाले आहे. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी प्रवाळद्वीपावर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. तिची किरणोत्सर्गी राख एका जपानी मासेमारी नौकेवरील २३ खलाशांवर पडली आणि त्यांतील एकजण सप्टेंबरमध्ये मरण पावला. ३ नोव्हेंबरला 'गोजिरा' प्रदर्शित झाला. समुद्रात एक नौका अकस्मात पेटून बुडते, या प्रसंगाने त्याचा आरंभ होतो. त्या वर्षीच्या जपानी प्रेक्षकाला या प्रसंगाचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नव्हती.

तंत्रदृष्ट्या चित्रपट निर्दोष नाही. 'किंग काँग' (१९३३) मध्ये विलिस ओब्रायन यांनी लहान प्रतिकृती प्रत्येक चौकटीगणिक किंचित हलवून तिच्यात चैतन्य ओतले होते. एइजी त्सुबुराया यांना तेवढी सवड नव्हती. त्यांनी नटाला राक्षसाचे सोंग दिले, छोटेखानी टोकियो उभारले आणि चित्रण अधिक वेगाने केले. नेहमीच्या वेगाने दाखविल्यावर त्या हालचालींना मंद, अवजड गती येते. तरीही कृत्रिमता लपत नाही. पण चित्रपटाचा परिणाम या युक्तीवर विसंबलेला नाही. राक्षसाच्या पावलांखालील माणूस होंडा प्रेक्षकाच्या दृष्टीआड होऊ देत नाहीत. जळत्या शहरात एक आई मुलांना उराशी धरून, आता लवकरच आपण बाबांकडे जाऊ, असे सांगते. नंतर रुग्णालयात एका बालकाजवळ किरणोत्सर्गमापक धरला जातो आणि डॉक्टर नुसती मान हलवितो. येथे भयानकाचे पर्यवसान करुणात होते. गोजिराची भीती खोटी वाटली तरी या आईचा शोक खोटा वाटत नाही. आणि त्या शोकामुळेच भीतीलाही मागाहून सत्यता लाभते.

अमेरिकन आवृत्तीत नेमका हा संबंध सैल झाला. ९६ मिनिटांचा चित्रपट ८० मिनिटांवर आला आणि रेमंड बर यांनी साकारलेला स्टीव्ह मार्टिन हा वार्ताहर नव्या दृश्यांतून त्यात शिरला. हायड्रोजन बॉम्बचा उल्लेख समूळ गेला नाही, हे मान्य केले पाहिजे. परंतु नागासाकीतून जेमतेम वाचल्याचे बोलून दाखविणारी आगगाडीतील स्त्री गेली. मुख्य फरक निवेदनाचा आहे. मार्टिन पाहतो, वर्णन करतो, ध्वनिमुद्रित करतो. तोही जखमी होतो. तथापि जळणारे शहर त्याचे नव्हे. मूळ चित्रपटात प्रेक्षक रस्त्यावर होता. येथे तो वार्ताहराच्या शेजारी, खिडकीशी येऊन उभा राहतो. आपत्ती तीच, पण भोगणाऱ्याची जागा पाहणाऱ्याने घेतल्यामुळे ती वृत्तांत बनते. जपानबाहेरील बहुसंख्य प्रेक्षकांना दीर्घकाळ हीच आवृत्ती परिचित होती. अमेरिकेतील चित्रगृहांत मूळ चित्रपटाचे व्यापक प्रदर्शन २००४ साली झाले. या चित्रप्रकाराविषयीचा उपहास कितपत त्याच्या अंगभूत उणिवांतून आला आणि कितपत अशा काटछाटीतून, याचा विचार म्हणूनच आवश्यक ठरतो.

सुसान सोन्टाग यांनी १९६५ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात असे प्रतिपादन केले, की या चित्रपटांचा खरा विषय विज्ञान नसून आपत्ती आहे. विध्वंसाचे सौंदर्य दाखवून ते प्रेक्षकाला खऱ्या भयाशी जुळवून घ्यावयास शिकवितात. खिडकीशी उभ्या केलेल्या प्रेक्षकाबाबत हा आक्षेप यथार्थ आहे. 'गोजिरा'ला तो पूर्णपणे लागू पडत नाही, कारण तेथे विध्वंसाचा हिशेब दुसऱ्या दिवशी सकाळी मांडला जातो. मात्र त्या हिशेबातही एक रकाना कोरा राहिला आहे. होंडा स्वतः चीनमध्ये सैनिक होते. तेथून परतताना त्यांनी हिरोशिमाची दशा पाहिली होती. त्यांच्या चित्रपटात जपानने सोसलेल्या दुःखाची स्मृती पदोपदी आहे, जपानने इतरांना दिलेल्या दुःखाविषयी मात्र मौन आहे. करुणरसाची ही मर्यादा नोंदविल्यावाचून परीक्षण पुरे होत नाही.

दोन्ही आवृत्तींत शास्त्रज्ञ सेरिझावा गोजिराचा नाश करतो आणि आपले संहारक साधन पुन्हा कोणाच्या हाती पडू नये म्हणून स्वतःही प्राण देतो. त्यानंतर अमेरिकन निवेदक जगाला निश्चिंत करतो. मूळ चित्रपटातील वृद्ध पुराजीवशास्त्रज्ञ यामाने मात्र चाचण्या चालू राहिल्या तर जगात कोठेतरी दुसरा गोजिरा प्रकट होईल, अशी शंका उच्चारतात. पहिला शेवट भयाचे विसर्जन करतो. दुसरा ते प्रेक्षकाच्या स्वाधीन करतो. चित्रगृहाबाहेर पडणाऱ्या प्रेक्षकाच्या हाती काय उरते, यावरच राक्षसपटाची योग्यता ठरवावी लागेल; रबर किती खरे भासले, यावर नव्हे.